लांबी, क्षेत्रफळ, आकारमान: मोजताना चूक नेमकी कुठे शिरते?

लांबी १ टक्क्याने चुकली, की तिच्यावरून काढलेलं क्षेत्रफळ २ टक्क्यांनी चुकतं आणि आकारमान ३ टक्क्यांनी. भौतिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात मोजमाप येतं. एककं पाठ होतात, सूत्रंही पाठ होतात, पण हे साधं नातं बहुतेकांच्या हातून निसटतं. १० सेमी बाजूच्या घनाची बाजू चुकून १०.१ सेमी मोजली, तर आकारमान १००० ऐवजी १०३०.३ घन सेमी येतं. चूक फक्त १ मिलिमीटरची, पण हिशेबात ३० मिलिलिटर जास्तीचे शिरले.

हे ३० आले कुठून ते पाहू. बाजू १ मिमीने वाढली म्हणजे घनाच्या लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना १ मिमी जाडीचा एकेक थर चढला. प्रत्येक थराचं आकारमान १० × १० × ०.१ म्हणजे १० घन सेमी. असे तीन थर, म्हणून ३०. वरचे ०.३ हे थर जिथे एकमेकांना भिडतात त्या कडांमधले. आयताचं क्षेत्रफळ काढताना दोनच दिशा असतात, म्हणून तिथे चूक दुप्पट होते.

म्हणजे क्षेत्रफळ आणि आकारमान या दोन्ही राशी एरवी आपण थेट मोजत नाही. मोजतो ती लांबी, आणि बाकीचं गणिताने काढतो. त्यामुळे या विषयात वेळ घालवायचा असेल तर तो लांबी नीट मोजण्यावर घालवावा.

मीटर ठरला कसा

१७९१ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने मीटरची व्याख्या पृथ्वीवरून केली: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. त्यासाठी देलाम्ब्र आणि मेशँ या दोन खगोलशास्त्रज्ञांनी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतच्या रेखावृत्ताची मोजणी केली आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमची प्रमाण पट्टी तयार झाली. ती ठरलेल्या व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिमीने आखूड निघाली. तरीही जगाने ती पट्टीच धरून ठेवली, कारण मोजमापात सर्वांचं एकमत असणं जास्त महत्त्वाचं असतं. १८७५ मध्ये १७ देशांनी मीटर करारावर सह्या केल्या, १८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमची नवी पट्टी आली, १९६० मध्ये क्रिप्टॉन-८६ च्या प्रकाशाची तरंगलांबी आधाराला घेतली गेली. १९८३ पासून मीटर म्हणजे निर्वात जागेत प्रकाश १/२९९७९२४५८ सेकंदात जेवढं अंतर कापतो तेवढं अंतर.

तुमच्या हातातली पट्टी ही या व्याख्येची नकल असते, आणि तीही अनेक हातांतून उतरलेली. पोलादी पट्टी तापली की वाढते: १ मीटर लांबीची पट्टी १० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे ०.१२ मिमीने लांबते. म्हणूनच अचूक मापनात लांबीचा संदर्भ २० अंश सेल्सिअसला धरतात. शाळेतल्या प्रयोगात हा फरक डोळ्याला दिसणारही नाही. तिथल्या चुका याहून कितीतरी मोठ्या आणि साध्या असतात.

साध्या पट्टीच्या चुका

पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतील तर तिचं लघुत्तम माप १ मिमी, म्हणजे त्या पट्टीने खात्रीने वाचता येणारं सर्वांत लहान अंतर. सरावलेला डोळा दोन खुणांच्या मधला अर्धा भाग ओळखू शकतो, म्हणून वाचनातली अनिश्चितता साधारण ०.५ मिमी धरतात. दोन वाचनं वजा करून लांबी काढत असाल, तर ही अनिश्चितता दोन्ही टोकांना असते हे ध्यानात ठेवायचं.

पट्टीचं शून्याचं टोक सर्वांत आधी झिजतं. लाकडी पट्टीचा कोपरा गोल होतो, प्लास्टिकच्या पट्टीचा तुटतो. शिवाय काही पट्ट्यांवर शून्याची खूण कडेपासून काही मिलिमीटर आत असते, आणि वस्तू खुणेला लावण्याऐवजी कडेला लावली की प्रत्येक माप तेवढंच चुकतं. उपाय सोपा आहे. वस्तूचं एक टोक १ सेमीच्या किंवा १० सेमीच्या खुणेवर ठेवा, दुसऱ्या टोकाचं वाचन घ्या आणि वजाबाकी करा. वजाबाकी विसरण्याची भीती असेल तर १० ची खूण बरी. १ सेमी वजा करायचा राहिला तर उत्तर खरं वाटू शकतं, १० सेमीची चूक मात्र लगेच नजरेत भरते.

नजर तिरकी असली तर वाचन सरकतं. ही पॅरॅलॅक्सची चूक. ती किती मोठी असते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पट्टी ३ मिमी जाड आहे, खुणा तिच्या वरच्या पृष्ठभागावर आहेत आणि मोजायची रेघ खाली कागदावर आहे. डोळा सरळ वर न राहता १० अंशांनी कलला, तर वाचन ३ × टॅन १०°, म्हणजे सुमारे ०.५ मिमीने सरकतं. लघुत्तम मापाच्या निम्मी चूक निव्वळ मानेच्या कलामुळे! पट्टी आडवी न ठेवता कडेवर उभी धरली की खुणा थेट रेघेला टेकतात आणि ही चूक जवळपास नाहीशी होते. चांगल्या पट्ट्यांची कड उतरती घासलेली असते ती याचसाठी.

मेटल टेपच्या टोकाची आकडी सैल हलते म्हणून ती ठोकून घट्ट करणारे लोक आहेत. तसं करू नका. ती मुद्दाम सैल ठेवलेली असते आणि स्वतःच्या जाडीइतकीच सरकते. बाहेरच्या कडेला अडकवून ओढली की पुढे येते, आतल्या भिंतीला टेकवून दाबली की मागे जाते, आणि दोन्ही वेळा शून्य जागेवर राहतं. टेपबद्दल आणखी एक गोष्ट: ती मध्ये झोळ खाऊन लोंबली किंवा तिरकी गेली तर माप खऱ्या अंतरापेक्षा जास्तच येतं, कमी कधीच नाही. अशा चुका दहा वेळा मोजून सरासरी काढल्याने जात नाहीत, कारण त्या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या असतात. सरासरीने जाते ती कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी अशी होणारी चूक.

वक्र रेषेसाठी दोरा वापरतात. दोरा सुती घ्यावा. नायलॉनचा दोरा ताणला जातो आणि सोडल्यावर आखडतो, त्यामुळे वक्रावर धरताना एक लांबी आणि पट्टीवर मोजताना दुसरी, असं होतं. पट्टीने न मोजता येणारी बारीक तार मोजायची असेल तर ती पेन्सिलीवर अगदी चिकटून गुंडाळा. ४० वेढ्यांची रुंदी २२ मिमी भरली, तर तारेचा व्यास ०.५५ मिमी. अर्ध्या मिलिमीटरची अनिश्चितता आता ४० वेढ्यांत वाटली गेली, एका तारेच्या वाट्याला फक्त ०.०१ मिमीच्या आसपास आली. वेढ्यांमध्ये फटी राहिल्या तर व्यास जास्त येतो, वेढे एकमेकांवर चढले तर कमी. कागदाची जाडी काढण्यासाठी पानांचा गठ्ठा मोजतात तेव्हाही हीच युक्ती असते. तिथे पानं घट्ट दाबून मोजायची आणि पृष्ठ क्रमांकावरून नव्हे, पानांच्या संख्येवरून भागायचं. एका पानाला दोन पृष्ठं असतात.

व्हर्निअर आणि स्क्रू गेज

१६३१ मध्ये पिएर व्हर्निअर यांनी सुचवलेली युक्ती अशी: मुख्य पट्टीवरचे ९ मिमी घ्यायचे आणि सरकत्या पट्टीवर त्यांचे १० समान भाग करायचे. सरकत्या पट्टीचा प्रत्येक भाग ०.९ मिमीचा झाला, मुख्य पट्टीच्या भागापेक्षा ०.१ मिमीने लहान. आता सरकती पट्टी ०.३ मिमी पुढे गेली, तर तिसरी रेघ मुख्य पट्टीच्या एका रेघेशी नेमकी जुळते, कारण तीन भागांत मिळून तेवढाच फरक साठलेला असतो. दोन रेघांमधलं अंतर किती हे डोळ्याला अंदाजानेच सांगता येतं, पण दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत हे तो फार बारकाईने ओळखतो. व्हर्निअरची सगळी ताकद यात आहे. ही पट्टी ज्या साधनावर असते तो व्हर्निअर कॅलिपर: वस्तू त्याच्या दोन जबड्यांत धरतात, एक जबडा स्थिर असतो आणि दुसरा सरकत्या पट्टीसोबत सरकतो.

वाचन घेताना आधी व्हर्निअरच्या शून्याच्या डावीकडची मुख्य पट्टीवरची खूण पाहायची, समजा २.३ सेमी. मग कितवी रेघ जुळते ते पाहायचं, समजा सातवी. वाचन २.३ + ७ × ०.०१ = २.३७ सेमी. बरेच जण शून्याऐवजी सरकत्या जबड्याची कड पाहतात आणि वाचन मिलिमीटरांनी चुकतं. दोन शेजारच्या रेघा सारख्याच जुळल्यासारख्या वाटल्या तर भिंग घ्या, कॅलिपर उजेडाकडे वळवा. तरीही ठरत नसेल तर दोन्हींपैकी कुठलीही घेतली तरी फरक ०.१ मिमीचाच आहे.

मोजण्याआधी जबडे मिटवून पाहणं सक्तीचं समजा. मिटलेल्या जबड्यांत दोन्ही शून्यं जुळली नाहीत तर शून्य त्रुटी आहे. व्हर्निअरचं शून्य उजवीकडे सरकलेलं असून तिसरी रेघ जुळत असेल, तर त्रुटी +०.०३ सेमी आणि वरच्या मापाचं खरं उत्तर २.३७ − ०.०३ = २.३४ सेमी. शून्य डावीकडे असून आठवी रेघ जुळत असेल, तर मोजणी उलट्या बाजूने: १० − ८ = २, म्हणून त्रुटी −०.०२ सेमी. ती वजा करायची म्हणजे मिळवायची, उत्तर २.३९ सेमी. परीक्षेत सर्वांत जास्त गुण या उणे चिन्हापाशी जातात. एकच नियम लक्षात ठेवला तर गोंधळ होत नाही: वाचनातून त्रुटी तिच्या चिन्हासकट वजा करायची.

कॅलिपर धरण्याचीही पद्धत असते. नळीचा बाहेरचा व्यास मोजताना कॅलिपर तिरका झाला तर माप वाढतं, म्हणून किंचित हलवून सर्वांत लहान वाचन घ्यायचं. नळीच्या आतल्या व्यासाला जबडे केंद्राबाहेर गेले तर माप घटतं, तिथे जबडे आडवेच ठेवून, बाजूला सरकवत सर्वांत मोठं वाचन घ्यायचं.

स्क्रू गेज याच्याही पुढे जातो. यात वस्तू फ्रेमच्या एका बाजूला टेकवतात आणि दुसऱ्या बाजूने स्क्रूचं टोक तिच्यापर्यंत आणतात. स्क्रूचा एक पूर्ण फेरा झाला की टोक जेवढं पुढे सरकतं तो त्याचा पिच. ०.५ मिमी पिच आणि वर्तुळाकार पट्टीवर ५० भाग असतील, तर एका भागाला ०.०१ मिमी. मुख्य पट्टीवर ४.५ मिमीची खूण उघडी पडली आहे आणि वर्तुळाकार पट्टीवर ३२ वा भाग रेषेवर आहे, तर वाचन ४.५ + ०.३२ = ४.८२ मिमी. इथली नेहमीची चूक म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची खूण न दिसणं. ती सुटली की उत्तर ४.३२ येतं, आणि ०.०१ मिमीपर्यंत वाचणाऱ्या साधनाने ०.५ मिमीची चूक होते. संशय आला तर त्याच वस्तूला साधी पट्टी लावा. ४.३ आणि ४.८ मधला फरक पट्टीलाही कळतो.

स्क्रू शेवटी रॅचेटनेच, म्हणजे ठरावीक दाब आला की निसटणाऱ्या टोकाच्या छोट्या मुठीनेच, फिरवायचा. टक्-टक् आवाज आला की थांबायचं. वर्तुळाकार पट्टी असलेली मोठी नळी धरून पिळली तर मऊ तार चपटी होते आणि फ्रेमही किंचित ताणली जाते. शिवाय जुन्या स्क्रूत आटे सैल झालेले असतात. दिशा बदलली की थोडा वेळ नळी फिरते पण टोक हलत नाही, म्हणून प्रत्येक माप एकाच दिशेने फिरवत घ्यायचं. आणि तार एका जागी एकदाच मोजून सोडू नका. ९० अंशांनी फिरवून पुन्हा मोजा, मग थोडं पुढे सरकून पुन्हा. तार नेहमी अगदी गोल असतेच असं नाही.

कुठलं साधन कशाला

एक धातूची पट्टी घ्या: १५ सेमी लांब, ४ सेमी रुंद, सुमारे २ मिमी जाड. तिन्ही मापं साध्या पट्टीने घेतली आणि प्रत्येकात ०.५ मिमी अनिश्चितता धरली, तर लांबीत ती ०.३ टक्के, रुंदीत १.२५ टक्के आणि जाडीत थेट २५ टक्के. आकारमानात या तिन्हींची बेरीज होते, सुमारे २६.५ टक्के. म्हणजे उत्तराचं सगळं भवितव्य त्या २ मिमी जाडीवर टांगलेलं आहे. लांबी कितीही काळजीने मोजली तरी काही हाती लागत नाही.

आता जाडी स्क्रू गेजने घेतली, २.१३ मिमी, अनिश्चितता ०.०१ मिमी. तिचा वाटा ०.५ टक्क्यावर आला. आता सर्वांत कमकुवत दुवा रुंदी झाली, म्हणून ती व्हर्निअरने घ्यायची: ०.१ मिमी भागिले ४० मिमी, ०.२५ टक्के. लांबी साध्या पट्टीने ठेवली तरी चालेल. एकूण अनिश्चितता १.१ टक्क्यांच्या आत आली. सर्वांत लहान बाजूला सर्वांत बारीक साधन, हा क्रम ठेवला की बाकीचे कष्ट वाचतात.

उत्तर लिहितानाही हे भान हवं. १२.४ सेमी गुणिले ५.३ सेमी याचं उत्तर कॅल्क्युलेटर ६५.७२ दाखवतो, पण ५.३ मध्ये दोनच सार्थ अंक, म्हणजे मोजमापातून मिळालेले भरवशाचे अंक, आहेत. म्हणून ६६ चौ. सेमी लिहायचं. ६५.७२ लिहिणं म्हणजे न मोजलेल्या गोष्टीची खात्री देणं.

वेड्यावाकड्या आकाराचं क्षेत्रफळ

पानाचं किंवा नकाशातल्या तळ्याचं क्षेत्रफळ सूत्राने येत नाही. आलेख कागदावर आकार गिरवून चौकोन मोजायचे. पूर्ण चौकोन आणि अर्ध्याहून जास्त भरलेले चौकोन प्रत्येकी एक, नेमके अर्धे भरलेले अर्धा, अर्ध्याहून कमी भरलेले शून्य. या पद्धतीत आतल्या चौकोनांबद्दल काही शंका नसते, सगळी अनिश्चितता कडेवरच्या चौकोनांत असते. चौकोनाची बाजू निम्मी केली तर कडेवरचे चौकोन साधारण दुप्पट होतात, पण प्रत्येकाचं क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतं, म्हणून अनिश्चित पट्टा निम्म्यावर येतो. त्यामुळे आतला भाग १ सेमीच्या चौकोनांनी झटपट मोजावा आणि फक्त कडेला मिलिमीटरच्या चौकोनांपर्यंत उतरावं. मोजलेल्या चौकोनावर टिंब देत जा, नाहीतर तो दोनदा मोजला जातो.

आणखी एक पद्धत मला फार आवडते: आकार कापून त्याचं वजन करणं. त्याच कागदातून १० सेमी × १० सेमीचा चौरस कापायचा, दोन्हींची वजनं करायची, वजनांचं गुणोत्तर तेच क्षेत्रफळांचं. मात्र कागद पातळ असेल तर वजनकाटा अपुरा पडतो. ८० ग्रॅम प्रति चौ. मीटरचा कागद घेतला तर १०० चौ. सेमीचं वजन फक्त ०.८ ग्रॅम. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर एका पायरीला १.२५ चौ. सेमी आले. ३०० ग्रॅमचं कार्ड घेतलं तर हीच पायरी सुमारे ०.३३ चौ. सेमी होते. चौरस आणि आकार एकाच तावातून कापायचे, आणि तावाचा ओलसर झालेला भाग टाळायचा.

एककं बदलताना मात्र हमखास चूक होते. १ मीटर म्हणजे १०० सेमी, म्हणून १ चौ. मीटर म्हणजे १०० चौ. सेमी असं मन म्हणतं. खरं उत्तर १०,०००, कारण १०० सेमीच्या १०० ओळी असतात. तसंच १ घन मीटर म्हणजे १०,००,००० घन सेमी. २५० चौ. सेमी म्हणजे ०.०२५ चौ. मीटर, २.५ नव्हे.

आकारमान: पाण्याची मदत

१ घन सेमी म्हणजे १ मिलिलिटर, आणि १००० घन सेमी म्हणजे १ लिटर. हे नातं आज तंतोतंत आहे, पण नेहमी तसं नव्हतं. १९०१ पासून १९६४ पर्यंत लिटर म्हणजे १ किलोग्रॅम पाण्याची जागा अशी व्याख्या होती, आणि ती १००० घन सेमीपेक्षा सुमारे ०.०२८ घन सेमीने मोठी भरत होती. १९६४ मध्ये ती व्याख्या सोडून दिली.

द्रवाचं आकारमान मोजपात्राने घेताना पात्र जेवढं अरुंद तेवढं वाचन बारीक. २.६ सेमी आतल्या व्यासाच्या मोजपात्रात १ मिलिलिटर पाणी ओतलं की पातळी सुमारे १.९ मिमी चढते. ७ सेमी व्यासाच्या चंचुपात्रात तेवढ्याच पाण्याने ती जेमतेम ०.२६ मिमी चढते. चंचुपात्रावर आकडे छापलेले असले तरी ते अंदाजापुरतेच, याचं कारण हे आहे. मोजपात्रही कामापुरतंच मोठं घ्यायचं, ८ मिलिलिटरसाठी १०० चं नको, १० चं घ्या.

काचेत पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढतो आणि मध्ये खोलगट राहतो. वाचन खोलगट भागाच्या तळाशी घ्यायचं, डोळा त्याच पातळीवर आणून. वरून पाहिलं तर वाचन जास्त येतं, खालून पाहिलं तर कमी. पाऱ्याचा पृष्ठभाग फुगीर असतो, त्याचं वाचन वरच्या माथ्याशी. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसतच नाही, तिथे वरची कड वाचतात, पण मग सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन्ही वाचनं कडेचीच हवीत. पात्र हातात उचलून डोळ्यासमोर धरण्यापेक्षा टेबलावर ठेवून आपण वाकावं. हातात ते हमखास तिरकं होतं.

दगडासारख्या वस्तूसाठी मोजपात्रात पाणी घ्यायचं, दगड दोऱ्याने हळू सोडायचा आणि पातळीतला फरक काढायचा. दगड वरून टाकला तर काच फुटते किंवा पाणी उडतं, आणि उडालेलं पाणी उत्तरातून कमी होतं. दगडाला चिकटलेले बुडबुडे उत्तर वाढवतात, म्हणून दगड आधी ओला करून घ्यावा. लाकूड तरंगतं, त्याला जड खिळा बांधून बुडवायचं आणि खिळ्याचं आकारमान वेगळं मोजून वजा करायचं. साखर, मीठ विरघळतं, त्यासाठी पाण्याऐवजी ते न विरघळवणारं तेल घ्यायचं. खडू पाणी शोषतो, त्याला मेणाचा पातळ थर द्यावा लागतो. कोरडी वाळू मोजपात्रात ४० मिलिलिटर भरली तरी वाळूच्या कणांचं आकारमान तेवढं नसतं, मधल्या फटींतली हवाही त्यात आलेली असते. पाण्यात ओतल्यावर पातळी जेवढी चढेल तेवढं कणांचं आकारमान.

या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. पातळी ५० वरून ५७ वर गेली, दोन्ही वाचनांत ०.५ मिलिलिटर अनिश्चितता, म्हणजे ७ मध्ये १, तब्बल १४ टक्के. सारख्याच गोट्या असतील तर दहा गोट्या एकदम टाकून दहाने भागता येतं. दगड एकच असेल तर वजनकाटा घ्या. पाण्याने अर्धं भरलेलं चंचुपात्र काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि स्टँडला बांधलेल्या दोऱ्याने दगड पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबता ठेवा. तळाला, कडेला तो टेकता कामा नये. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेमी दगडाचं आकारमान. पाणी दगडाला वर ढकलतं, तेवढ्याच बलाने दगड पाण्याला खाली ढकलतो, आणि हे बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं असतं. ०.१ ग्रॅमचा साधा काटाही इथे ७ घन सेमीत दीड टक्क्याच्या आत उत्तर देतो. पाणी २५ अंशांवर असेल तर त्याची घनता ०.९९७ ग्रॅम प्रति घन सेमी असते. ०.३ टक्क्यांचा तेवढा फरक महत्त्वाचा वाटला तर भागून घ्या.

उलट दिशेने: आकारमानावरून लांबी

लांबीवरून आकारमान काढता येतं, तसं आकारमानाला क्षेत्रफळाने भागून लांबीही मिळते, आणि ही वाट स्क्रू गेजच्या आवाक्याबाहेरही पोहोचते. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ वर्खाचा १० सेमी × १० सेमीचा तुकडा ०.४३ ग्रॅम भरला. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेमी, म्हणून आकारमान ०.१५९ घन सेमी. १०० चौ. सेमीने भागलं की जाडी ०.००१६ सेमी, म्हणजे ०.०१६ मिमी. स्क्रू गेजवर हे दीड-दोन भाग झाले असते.

१७७४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांचं एक निरीक्षण प्रसिद्ध झालं. लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यावर त्यांनी चमचाभरही नसेल एवढं तेल ओतलं आणि ते पसरून सुमारे अर्धा एकर पाणी गुळगुळीत झालं. त्यांनी जाडीचा हिशेब केला नाही, पण आपण करू शकतो. तेल ५ घन सेमी धरलं आणि अर्धा एकर म्हणजे सुमारे २००० चौ. मीटर, तर थराची जाडी २.५ नॅनोमीटर, मीटरचा अब्जावा भाग अडीच वेळा. रेणूच्या लांबीच्या जवळपासचा आकडा आहे हा, चमच्याने आणि तळ्याने मोजलेला.

हाच प्रयोग ओलिइक आम्लाने (तेलांत आढळणारं एक मेदाम्ल) एका रुंद ट्रेमध्ये करतात. १ भाग आम्ल आणि अल्कोहोल मिळून १००० भाग द्रावण बनवायचं. ड्रॉपरने ५० थेंबांत १ मिलिलिटर भरत असेल तर एका थेंबात ०.०२ मिलिलिटर द्रावण आणि त्यात ०.००००२ घन सेमी आम्ल. ट्रेमधल्या शांत पाण्यावर लायकोपोडियमची (एका वनस्पतीच्या बीजाणूंची) बारीक पूड भुरभुरवून मधोमध एक थेंब सोडला की अल्कोहोल पाण्यात मिसळतं आणि उडून जातं, आम्ल पसरतं, पूड बाजूला सरते आणि स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्याचा व्यास ११ सेमी आला तर क्षेत्रफळ ९५ चौ. सेमी आणि जाडी सुमारे २.१ नॅनोमीटर. थर एकाच रेणूच्या जाडीचा आहे असं धरलं, तर ही रेणूची लांबी.

ट्रेवर साबणाचा अंश राहिला असेल तर थेंब पसरतच नाही, कारण साबणाचा थर आधीच पृष्ठभागावर असतो. पूड जाड पडली तर ती थराला अडवते, वर्तुळ लहान राहतं आणि रेणू खऱ्यापेक्षा लांब दिसतो. वर्तुळ क्वचितच अगदी गोल असतं, म्हणून तीन-चार दिशांनी व्यास घेऊन सरासरी काढायची. व्यासातली ५ टक्क्यांची चूक क्षेत्रफळात १० टक्के होते, आणि तेवढीच ती रेणूच्या लांबीत उतरते. थेंबाचं आकारमानही एक थेंब पाहून ठरवू नका, मोजपात्रात १ मिलिलिटर भरेपर्यंत सगळे थेंब मोजा, आणि ड्रॉपर प्रत्येक वेळी सारखाच उभा धरा. तो तिरका झाला की थेंबाचा आकार बदलतो.